हार कोणाची?

विजयी वीरांच्या कथा ऐकण्याची आवड सर्वांनाच असते, आणि त्या सांगणारांचीही जगांत कधीं वाण पडत नाहीं. आज मात्र मी आपणांपुढें एका हरलेल्या संघाची हकीकत मांडणार आहें. आणि हा संघ थोडाथोडका हरलेला नाहीं. १८९९ सालच्या हंगामांत त्याचे १५४ सामने निकालापर्यंत पोंचले. त्यांपैकीं त्यानें वीस जिंकले व एकशें चौतीस गमावले. अमेरिकेंतील धंदेवाईक बेसबॉलच्या वरिष्ठ लीगांमध्यें एका हंगामांत इतके पराजय त्यापूर्वीं कोणाच्या वांट्यास आले नव्हते, आणि त्यानंतर आजतागायत आलेले नाहींत. संघ होता ओहायो संस्थानांतील क्लीव्हलंड शहराचा, आणि त्याचें नांव होतें ‘स्पायडर्स’, म्हणजे जाळें विणणारे कोळी.

केवळ एक नवल म्हणून ही गोष्ट सांगावयाची असती, तर एवढे दोन आंकडे वाचून मला थांबतां आलें असतें. आपण क्षणभर हंसलां असतां आणि विषय संपला असता. परंतु हे आंकडे पराजय झाला एवढेंच सांगतात. तो कोणाचा झाला, हें ते सांगत नाहींत. हार कोणाची, हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटतो. जो हरला त्याची, दुसऱ्या कोणाची असणार? पण क्लीव्हलंडच्या त्या हंगामाची हकीकत नीट ऐकल्यावर हें उत्तर पुरेसें आहे असें आपणांस वाटणार नाहीं, अशी माझी समजूत आहे.

प्रथम खेळाविषयीं चार शब्द. बेसबॉल आपल्याकडे फारसा रुळलेला नाहीं. पण ज्याला क्रिकेट समजतें त्याला तो समजावयास अवघड नाहीं. दोन बाजूंस नऊ-नऊ गडी असतात. चेंडू टाकणाऱ्यास ‘पिचर’ म्हणतात. तो आपल्या गोलंदाजासारखाच असतो, मात्र चेंडूचा टप्पा न पाडतां तो सरळ फलंदाजाकडे फेंकतो. फलंदाजाच्या हातीं चपटी बॅट नसून गोल दांडका असतो. मैदानावर एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार ठाणीं असतात. फलंदाजानें चेंडू टोलवून एकामागून एक तीं ठाणीं गांठावीं आणि निघालेल्या जागीं परत यावें, म्हणजे एक धाव झाली. तीन गडी बाद झाले कीं फलंदाजी दुसऱ्या बाजूकडे जाते, आणि असे प्रत्येकीं नऊ डाव होतात. सामना एका दुपारींच निकालास लागतो.

या खेळाचा हंगाम वसंतापासून शरदापर्यंत चालतो, व त्या काळांत जवळजवळ रोज एक सामना असतो. त्यामुळें मोठमोठ्या संघांनाही पुष्कळ वेळां हार खावी लागते. १८९९ सालींच जो ब्रुकलिनचा संघ अव्वल ठरला, त्यानें १०१ सामने जिंकले, पण ४७ गमावलेही. परीक्षेच्या भाषेंत बोलावयाचें तर या खेळांत शेंकडा पासष्टच्या आसपास गुण मिळविणारा पहिला येतो, आणि शेंकडा पस्तीस मिळविणारा बहुधा तळाशीं असतो. क्लीव्हलंडला त्या वर्षीं शेंकडा तेरा गुण मिळाले. हे गुण केवळ वाईट संघाचे नव्हेत. वाईट संघालाही दैव याहून अधिक हात देतें. येथें कांहीं निराळेंच घडलेलें असलें पाहिजे.

आणि तसेंच घडलेलें होतें. क्लीव्हलंड हें ईरी सरोवराच्या कांठचें, लोखंड-पोलादाच्या कारखान्यांवर वाढलेलें शहर. तेथील संघाचे मालक फ्रॅंक रॉबिसन व स्टॅन्ली रॉबिसन हे दोघे भाऊ होते. त्यांचा शहरांत ट्रामगाड्यांचा धंदा होता. १८९१ सालीं त्यांनीं ‘लीग पार्क’ हें मैदान उभारलें, तेंही आपल्या ट्रामच्या मार्गावरच. प्रेक्षकानें ट्रामचें भाडें द्यावें आणि उतरल्यावर मैदानाचें तिकीटही काढावें, असा हा दुहेरी लाभाचा हिशेब होता. यांत गैर कांहीं नाहीं. व्यापारी मनुष्य दोन पैसे मिळविण्याच्या युक्त्या करणारच, आणि चांगला खेळ पाहावयास मिळतो तोंवर प्रेक्षकाचीही तक्रार नसते.

खेळ खरोखरच चांगला होता. डेन्टन यंग नांवाचा पिचर या संघांत होता. त्याच्या चेंडूचा वेग वादळासारखा, म्हणून लोकांनीं त्याला ‘साय’ यंग हें टोपणनांव दिलें, व तेंच पुढें रूढ झालें. त्यानें आपल्या कारकीर्दींत ५११ सामने जिंकून दिले. हा आंकडा गांठणें तर सोडाच, त्याच्या जवळपासही अद्याप कोणी फिरकलेला नाहीं. वर्षांतील उत्कृष्ट पिचरला अमेरिकेंत १९५६ पासून जें पारितोषिक देतात, तें याच यंगच्या नांवाचें आहे. जेसी बर्केटसारखा फलंदाज, बॉबी वॉलेससारखा क्षेत्ररक्षक आणि पॅट्सी टेबोसारखा झुंजार नायक हे सर्व याच संघांत होते. १८९५ सालीं त्यांनीं बाल्टिमोरच्या नामांकित संघास हरवून ‘टेम्पल कप’ जिंकला. १८९८ सालीं ८१ विजय व ६८ पराजय मिळवून हा संघ बारा संघांच्या नॅशनल लीगमध्यें पांचवा आला.

मग एका हिवाळ्यांत एवढा संघ रसातळास कसा गेला? गडी म्हातारे झाले काय? सांथ आली काय? अपघात झाला काय? यांपैकीं कांहींच झालें नाहीं. झाला तो एक व्यवहार.

सेंट लुई शहराच्या संघाचा मालक ख्रिस फॉन डर आहे हा जर्मनींतून आलेला एक मद्यगृहवाला होता. तो कर्जांत बुडाला, त्याच्या संघाचा लिलाव झाला, आणि १८९९ च्या आरंभीं तो संघ रॉबिसन बंधूंच्या हातीं आला. म्हणजे एकाच लीगमध्यें परस्परांविरुद्ध खेळणाऱ्या दोन संघांचे मालक एकच झाले. त्या काळच्या नियमांत यास आडकाठी नव्हती. ब्रुकलिन व बाल्टिमोर या संघांचीही त्याच वर्षीं अशीच सांगड घालण्यांत आली होती. सेंट लुई हें मोठें शहर, आणि रविवारीं खेळ करण्याची तेथें मोकळीक. तेव्हां अधिक उत्पन्न तेथेंच होणार, असें मालकांनीं ताडलें. यंग, बर्केट, वॉलेस, टेबो असे क्लीव्हलंडचे सारे नांवाजलेले गडी त्यांनीं उचलून सेंट लुईला नेले, आणि सेंट लुईचे जे गडी नकोसे झाले ते क्लीव्हलंडकडे पाठविले. नव्या संघाचें नांवही त्यांनीं ‘परफेक्टोज’, म्हणजे परिपूर्ण, असें ठेविलें.

शेतकऱ्याचीं दोन शेतें एकाच विहिरीवर भिजत असावींत, त्यानें पाटाचें सारें पाणी एका शेताकडे वळवावें, आणि सुगीच्या वेळीं लोकांनीं दुसऱ्या शेताच्या मातीस नांवें ठेवावींत, तसा हा प्रकार झाला. आपण जिला १८९९ ची क्लीव्हलंडची हार म्हणतों, तिचें बी त्या वर्षींचा पहिला चेंडू टाकला जाण्यापूर्वींच कचेरींतल्या मेजावर पेरलें गेलें होतें.

एप्रिल महिन्यांत हंगामाचा आरंभ झाला तो सेंट लुईसच. म्हणजे क्लीव्हलंडच्या या नव्या, गोळा केलेल्या गड्यांना पहिल्याच दिवशीं क्लीव्हलंडच्याच जुन्या गड्यांशीं सामना द्यावा लागला. समोरून साय यंग चेंडू टाकीत होता. सामना दहा विरुद्ध एक धावेनें गेला. पुढें काय होणार याची वर्दीच त्या दिवशीं मिळाली.

लेव्ह क्रॉस हा या संघाचा पहिला नायक. त्याच्या हाताखालीं ३८ सामने झाले; आठ जिंकले, तीस हरले. अशा संघांतही क्रॉस स्वतः उत्तम खेळत होता. याचें त्याला काय फळ मिळालें म्हणाल, तर मालकांनीं त्यालाही उचलून सेंट लुईला नेलें. येथें उत्तम खेळणें हा संघांतून सुटका होण्याचा मार्ग ठरला, आणि जे मागें राहिले त्यांचें बळ तेवढ्यानें आणखी घटलें.

त्यानंतर नायकपद ज्यो क्विन याजकडे आलें. हा ऑस्ट्रेलियांत जन्मलेला, शांत वृत्तीचा, सचोटीचा खेळाडू. दुसऱ्या ठाण्यावर तो स्वतः उभा राही. खेळाव्यतिरिक्त त्याचा व्यवसाय अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा होता, आणि वृत्तपत्रांतील विनोदी लेखकांना ही गोष्ट आयतीच सांपडली. त्याच्या नायकत्वाखालीं बारा सामने जिंकले व एकशें चार हरले. तरी क्विननें हंगाम अर्ध्यावर टाकला नाहीं.

आतां शहराकडे वळूं. क्लीव्हलंडच्या लोकांना झालेला प्रकार कळला नव्हता असें नाहीं. आपल्या डोळ्यांदेखत आपले गडी परगांवीं गेले, आणि उरलेल्यांचा खेळ पैसे देऊन पाहावा अशी मालकांची अपेक्षा आहे, हें त्यांनीं ओळखलें. त्यांनीं सभा भरविल्या नाहींत कीं दगडफेक केली नाहीं. ते फक्त आले नाहींत. त्या वर्षीं क्लीव्हलंडच्या मैदानावर जे ४२ सामने झाले, त्या सर्वांचे मिळून प्रेक्षक ६,०८८ होते. सरासरीनें एका सामन्यास १४५ माणसें झालीं. एखाद्या खेड्यांतल्या कीर्तनासही यापेक्षां अधिक मंडळी जमतात.

त्यामुळें एक नवीच अडचण उभी राहिली. पाहुण्या संघाला उत्पन्नाचा वांटा मिळत असे. क्लीव्हलंडच्या दारांतील वांटा इतका तुटपुंजा होऊं लागला, कीं त्यांतून रेल्वेचें भाडें व उतरण्याचा खर्चही सुटेना. मग इतर संघ क्लीव्हलंडला येण्यास नाखूष झाले, आणि घरचे सामनेही परगांवीं नेण्यांत येऊं लागले. उन्हाळ्याच्या मध्यापासून हा संघ जवळजवळ घराबाहेरच होता. १५४ पैकीं ११२ सामने त्यानें परक्या मैदानांवर खेळले, आणि त्यांतील १०१ तो हरला. वृत्तपत्रांनीं त्यांचें ‘स्पायडर्स’ हें नांव टाकून त्यांना ‘भटके’ आणि ‘हद्दपार’ अशीं नांवें दिलीं. आज या शहरीं, उद्यां त्या शहरीं, रात्रीं आगगाडींत, दुपारीं मैदानांत, आणि संध्याकाळीं पुन्हां हार, असा त्यांचा क्रम झाला. ज्यांच्यासाठीं खेळावयाचें तें गांव मागें राहिलें, आणि जेथें खेळावयाचें तेथील सारे प्रेक्षक दुसऱ्या बाजूचे!

ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्यांनीं ओळीनें २४ सामने गमावले. अखेरच्या ४१ सामन्यांपैकीं त्यांनीं ४० गमावले. सबंध हंगामांत त्यांनीं ५२९ धावा केल्या, आणि प्रतिपक्षांनीं त्यांच्यावर १,२५२ केल्या. जिम ह्यूई हा त्यांचा प्रमुख पिचर. त्याच्या नांवावर चार विजय व तीस पराजय लागले. चार्ली नेपर याचे चार व बावीस, फ्रॅंक बेट्स याचा एक व अठरा. ह्यूईनंतर वरिष्ठ लीगांमध्यें एका हंगामांत तीस पराजय कोणाही पिचरच्या नांवावर लागलेले नाहींत.

हा तीसचा आंकडा ऐकून हंसूं येतें खरें. परंतु तीस वेळां हरण्यासाठीं तीस वेळां चेंडू हातांत घेऊन मैदानावर उभें राहावें लागतें. एकोणतीस वेळां हरलेला मनुष्य तिसाव्या दिवशींही खेळावयास आला, हेंही त्याच आंकड्यांत लिहिलेलें आहे. तें आपण वाचीत नाहीं, एवढेंच.

हंगामाचा शेवटचा सामना १५ ऑक्टोबर रोजीं सिन्सिनाटी येथें झाला. त्या दिवशीं क्लीव्हलंडकडून चेंडू टाकण्यास जो उभा राहिला, तो एडी कोल्ब नांवाचा तेथील एका हॉटेलांत सिगार विकणारा पोरसवदा मुलगा होता. वरिष्ठ लीगमधील हा त्याचा पहिला आणि शेवटचा सामना. क्लीव्हलंड एकोणीस विरुद्ध तीन धावांनीं हरलें. जेथें वर्षभरापूर्वीं साय यंग उभा राहत असे तेथें सिगारविक्या मुलगा उभा होता, एवढें सांगितलें म्हणजे त्या वर्षाचा सारा इतिहास सांगितल्यासारखा आहे.

श्रोतेहो, न्यायाच्या दृष्टीनें मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचें म्हणणें असें होतें, कीं आमच्याजवळ उत्तम संघ असतांना क्लीव्हलंडचे लोक पुरेशा संख्येनें येत नव्हते. रविवार हा कामकरी लोकांच्या सुटीचा एकुलता एक दिवस. त्याच दिवशीं खेळ करण्यास त्या शहरीं बंदी. संघ आमच्या मालकीचा आहे, तो तोट्यांत चालविण्यास आम्ही बांधलेलों नाहीं. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. तोटा होत असेल तर दुकान बंद करण्याचा अधिकार दुकानदाराला आहे. परंतु दुकान उघडें ठेवावयाचें, पाटी तीच ठेवावयाची, आंतील माल मात्र दुसऱ्या पेठेंत न्यावयाचा, आणि गिऱ्हाइकाकडून पूर्वींचीच किंमत मागावयाची, हा अधिकार कोणत्या धर्मांत बसतो? रॉबिसन बंधूंनीं संघ मिटविला असता तर क्लीव्हलंडचे लोक हळहळले असते. त्यांनीं तो नांवापुरता जिवंत ठेवला, म्हणून लोक विटले.

आणि ज्या गड्यांच्या नांवावर ही हार लिहिली गेली, त्यांना यांत निवड करण्यास किती वाव होता? त्या काळच्या करारांत एक कलम असे, कीं मुदत संपल्यावरही गड्यावर त्याच्या संघाचाच हक्क राहील, आणि त्याच्या संमतीवांचून गड्यानें दुसऱ्या संघाकडे जाऊं नये. मालकाला मात्र तो गडी दुसऱ्याच्या हवालीं करण्याची मुभा होती. पगारावरही लीगनें वर्षाला २,४०० डॉलरची मर्यादा घातली होती. म्हणजे साय यंग सेंट लुईला गेला तो पाठविला म्हणून गेला, आणि ह्यूई क्लीव्हलंडला आला तोही पाठविला म्हणूनच आला. बैलबाजारांत बैलाचें मत कोणी विचारीत नाहीं. हें कलम पुढें पाऊण शतक टिकलें. १९७५ च्या अखेरीस एका लवादाच्या निर्णयानें त्याचा जोर मोडला.

आतां या व्यवहाराचें मालकांना काय फळ मिळालें तें पाहा. दोन संघांचें सत्त्व एकत्र करून बनविलेला तो ‘परिपूर्ण’ संघ १८९९ सालीं ८४ विजय व ६७ पराजय मिळवून पांचवा आला. पांचवा! आदल्या वर्षीं क्लीव्हलंडचा संघ पांचवाच होता. एका शहराचा खेळ मातीस मिळवून दुसऱ्या शहरास तीच पायरी मिळाली. १९०० सालीं नॅशनल लीगनें बारा संघांचे आठ केले, आणि ज्या चार शहरांना वगळलें त्यांत क्लीव्हलंड होतें. १९०१ सालीं प्रतिस्पर्धी अमेरिकन लीग वरिष्ठ दर्जानें उभी राहिली. तिनें क्लीव्हलंडला लागलीच जवळ केलें, आणि सेंट लुईहून साय यंगला बोस्टनच्या संघानें ओढून नेलें. एकाच मालकानें एकाच लीगमध्यें दोन संघ ठेवूं नयेत, हें तत्त्व पुढें या खेळाच्या नियमांत आलें. क्लीव्हलंडच्या नव्या संघानें १९२० सालीं जगज्जेतेपद मिळविलें. तेंच शहर, तेंच ‘लीग पार्क’ आणि तेच प्रेक्षक. म्हणजे मातींत दोष नव्हता. पाणी तोडलेलें होतें.

कोणी म्हणेल, हरणाऱ्या संघाकडे लोक पाठ फिरवितात हा तर जगाचा नियमच आहे. त्यांत मालकांना दोष कशाला? या शंकेचें उत्तर दुसऱ्या एका हरलेल्या संघानें देऊन ठेविलें आहे. न्यूयॉर्क शहराचे नॅशनल लीगमधील दोन जुने संघ १९५७ च्या हंगामानंतर कॅलिफोर्नियांत निघून गेले. तेव्हां शहरासाठीं नवा संघ उभारण्यांत आला, त्याचें नांव ‘मेट्स’. त्याच्या मुख्य मालकीणबाई जोन पेसन यांचा पूर्वीं त्या गेलेल्या संघांपैकीं एकांत थोडा भाग होता, आणि संघ शहराबाहेर नेण्याच्या विरुद्ध त्यांनीं आपलें मत दिलें होतें. इतर संघांनीं जे गडी देण्याची तयारी दाखविली, त्यांतून मोल देऊन हा नवा संघ जमविला गेला. आपले उत्तम गडी कोण देतो? १९६२ च्या पहिल्या हंगामांत मेट्सनीं आरंभींचे नऊही सामने गमावले, आणि अखेरीस ४० जिंकून १२० गमावले.

या संघाचा व्यवस्थापक होता केसी स्टेंगेल, सत्तरी ओलांडलेला. याच स्टेंगेलनें १९४९ पासून १९६० पर्यंतच्या बारा वर्षांत न्यूयॉर्कच्याच यांकीज संघास सात वेळां जगज्जेतेपद मिळवून दिलें होतें. तेंच डोकें आणि तोच अनुभव. हाताखालचीं माणसें बदलतांच तो १२० सामने हरला. विजयाचें सारें श्रेय एका माणसास देणारांनीं आणि पराजयाचा सारा दोष एका माणसावर लादणारांनीं हीं दोन्ही टोकें एकदां शेजारीं ठेवून पाहावींत.

पण माझा मुद्दा प्रेक्षकांचा आहे. या हरणाऱ्या संघाचे घरचे सामने पाहावयास त्या वर्षीं ९,२२,५३० लोक आले. ते चुका पाहून हंसले, ओरडले, तरी पुन्हां आले. न्यूयॉर्क हें क्लीव्हलंडपेक्षां फार मोठें शहर, ही गोष्ट खरी. परंतु एवढ्यानें हें अंतर भरून निघत नाहीं. मेट्स दुबळे होते, पण कोणी मुद्दाम दुबळे केलेले नव्हते. आपल्या गांवाचा मुलगा अजून चालावयास शिकत आहे, तो पडणारच, हें लोकांना समजत होतें. क्लीव्हलंडच्या लोकांना दिसत होतें तें दुसरेंच. येथें चालत्या मुलाचे पाय काढून घेतलेले होते. लोक हार सोसतात. त्यांना सोसवत नाहीं ती फसवणूक. मेट्सचा तो संघ १९६९ सालीं जगज्जेता झाला, आणि १९६२ सालीं सतराव्या वर्षीं त्यांच्याकडून पहिल्यानें खेळलेला एड क्रेनपूल तेव्हांही संघांत होता.

मेट्सचा १२० पराजयांचा विक्रम २०२४ सालीं शिकागोच्या ‘व्हाइट सॉक्स’ संघानें मोडला. त्यांनीं ४१ सामने जिंकले आणि १२१ गमावले. मध्यंतरीं ओळीनें २१ हरले. विसाव्या व एकविसाव्या शतकांतील हा सर्वांत मोठा आंकडा होय. तरीदेखील क्लीव्हलंडच्या एकशें चौतीसपर्यंत तोही पोंचला नाहीं.

मी सारा जन्म शाळेंत घालविला, म्हणून या ठिकाणीं मला निकालपत्रक आठवलें तर आपण क्षमा करावी. निकालपत्रकांत मुलाचें नांव असतें, गुण असतात, आणि शेवटीं ‘नापास’ हा शब्द असतो. वर्गाला चार महिने गणिताचा शिक्षक नव्हता, पुस्तकें दिवाळीनंतर आलीं, मुलगा तीन कोस चालत येऊन अर्धपोटीं बांकावर बसे, यांसाठीं त्या कागदावर रकाना नसतो. मग वर्षामागून वर्षें जातात, कागद उरतो, आणि त्या मुलाला स्वतःलाही वाटूं लागतें कीं ही हार माझी एकट्याची.

याचा अर्थ असा नव्हे, कीं हरणारा सदैव निर्दोष असतो. आळसानें नापास होणारीं मुलेंही असतात, आणि बेफिकिरीनें हरणारे संघही असतात. त्यांना त्यांच्या चुकीचें माप त्यांच्या पदरांत घातलेंच पाहिजे. परंतु तें माप घालण्यापूर्वीं दोन गोष्टी विचारणें हें न्याय करणाराचें कर्तव्य आहे. एक, ज्याच्याकडून आपण विजयाची अपेक्षा केली, त्याला विजयाचीं साधनें दिलीं होतीं काय? दुसरी, दिलेलीं साधनें मध्येंच कोणी काढून नेलीं काय? या दोन प्रश्नांवांचून दिलेला निकाल हा निकाल नव्हे. ती नुसती बेरीज-वजाबाकी होय.

आपल्या गांवांतील शाळा, दवाखाने, वाचनालयें, सहकारी संस्था यांच्या वार्षिक अहवालांतूनही असे हरलेले हंगाम आपणांस भेटतात. संस्था बुडाली म्हणून आपण तेथील शेवटच्या कारकुनास बोल लावतों, कारण तो समोर दिसतो. तिचें पाणी ज्यानें दुसरीकडे वळविलें तो समोर दिसत नाहीं, किंबहुना तो बहुधा दुसऱ्या गांवीं सत्कार घेत असतो. अशा वेळीं अहवालाचें शेवटचें पान वाचून थांबूं नये. आदल्या वर्षींचें पान काढावें, त्यांत कोणाचीं नांवें होतीं तीं पाहावींत, आणि तीं माणसें आतां कोठें आहेत याचा तपास करावा.

क्लीव्हलंडच्या त्या गड्यांना पुढें कोणी मानपत्र दिलें नाहीं, आणि त्याची त्यांना अपेक्षाही नसावी. साय यंग, बर्केट व वॉलेस यांना बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत स्थान मिळालें, आणि तें योग्यच झालें. ह्यूई, नेपर, बेट्स, क्विन यांचीं नांवें उरलीं तीं पराजयांच्या कोष्टकांत. परंतु गांव सुटलेलें, प्रेक्षक नाहींत, मालकाचें लक्ष दुसऱ्या संघाकडे, आणि उद्यां हार होणार हें आज ठाऊक. अशा स्थितींत त्यांनीं हंगाम अखेरच्या दिवसापर्यंत पुरा केला. माझ्या हातीं निकालपत्रक असतें, तर एकशें चौतीस पराजयांचा आंकडा मी खोडला नसता. तो खरा आहे. त्याच्या समोर फक्त मालकांचें नांव लिहिलें असतें, आणि गड्यांच्या नांवापुढें हजेरी मांडली असती.